सहा थोराड टायर

मी बोलतोय, तेव्हा जरा जवळ या. आवाज डिझेलचा आहे माझा. सकाळी घसा सुटायला वेळ लागतो. खर्र… खर्र… हां, सुटला.

जात पिकअप ट्रकची. पुढं दोन चाकं, मागं चार. मागची दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं बसवलेली. म्हणून माझं बूड रुंद, आणि मागचे मडगार्ड बाहेर आलेले. अरुंद फाटकातून जाताना लोक हसतात. हसू द्या. ओझं ओढायची वेळ आली की हेच हसणारे लाडीगोडी लावत दारात उभे राहतात. शिक्षणाचं म्हणाल, तर शाळेत मी पुष्कळदा गेलोय, पण पोरं सोडायला, आणि तेही फाटकापर्यंतच. तेव्हा माझ्या बोलण्यातल्या चुका काढायच्या असतील तर उतरून चालत जा.

जन्म कारखान्यातला. अंगावर रंगाचा फवारा मारला, कपाळावर बिल्ला ठोकला, आणि खाली वाकून बघणारा एक जण म्हणाला, "पुढचा आण." एवढंच माझं बारसं. पहिला मालक तेलाच्या विहिरींवरचा ठेकेदार. दिवसभर माझ्यात बसून फोनवर दुसऱ्यांच्या आयांचा उद्धार करायचा. तेलाचं काम थंडावलं तसा तोही थंडावला आणि मला विकून मोकळा झाला.

मग मला घेतलं ऑर्व्हल हॉगननं. मोंटानाच्या पूर्वेकडं ह्याची गुरं, ह्याची कुरणं आणि ह्याची बायको डार्लिस. डार्लिस ऐकत असेल तर आधी ती, मग गुरं. ऑर्व्हल सत्तरीपुढचा. दोन गुडघ्यांतला एक कामाचा, एक नावाला.

इकडची माणसं गमतीची. माझी किल्ली माझ्यातच ठेवून खुशाल निघून जातात, पण गोठ्यातली चांगली कुदळ कुलपात ठेवतात. रस्त्यात समोरून कुणी आलं की स्टेअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा इकडचा रामराम. ऑर्व्हलचं कुणाशी बिनसलं की ते बोट उचललं जात नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या पंचक्रोशीला कळतं, की हॉगनचं बोट आज खाली होतं.

बाकी सगळं झकास होतं. वैरी एकच, माती. चार थेंब पडले की लोणी, आठ पडले की डिंक. मागं एकेकच चाक असलेल्या गाडीला ती चिकटते तेवढीच, पण माझ्या मागच्या जोड्यांच्या मधोमध जाऊन बसते, दोन चाकांची एक गुळगुळीत ढेप करते, आणि मी जागच्या जागी गरगरतो. मग शेजारचा लेलंड शात्झ ट्रॅक्टर घेऊन येतो. साखळी कमी लावतो, तोंड जास्त लावतो. त्या दिवशीही तसंच.

"ऑर्व्हल, तुला ओढून ओढून माझ्या ट्रॅक्टरला तुझ्या घरची वाट पाठ झाली रे. परवा एकटाच निघाला होता, मी अडवला."

"बोलू नकोस, ओढ."

"ओढतो की. डार्लिस, ह्याला का नाही सोडून देत? माझ्याकडं कोरडा रस्ता आहे बघ."

डार्लिस हसली. पण लेलंड गेल्यावर तिचं हसू मावळलं. माझ्या पुढच्या सीटवरच बसली होती, म्हणून मी सगळं ऐकलं.

"थकले मी," ती म्हणाली. "तू बाहेर गेलास की मी खिडकीशी. आला नाहीस की फोनशी. माझ्या बहिणीशेजारचं घर रिकामं आहे. गावात जाऊ या."

"ह्या मातीनं मला घालवायचं? मला?"

"तर मग पैज. पुन्हा एकदा लेलंडला बोलवावं लागलं, की कुरणं भाड्यानं द्यायची आणि गावात राहायला जायचं."

ऑर्व्हलचं नाक लाल झालं. "दे हात."

तिनं हात पुढं केला, ह्यानं धरला. इकडं हातात हात दिला की झालं, मग देवानं सांगितलं तरी मागं फिरत नाहीत. मला मात्र माझी काळजी. गावात माझ्यासारख्या रुंद्याला उभं करायला जागा कुठली! म्हातारा तिकडं गेला, की मी कुणाच्या तरी लिलावात.

म्हाताऱ्यानंही रात्रंदिवस तोच विचार केला असावा, कारण आठवड्याभरात तो सहा थोराड टायर घेऊन आला. काय त्यांचा तो ऐटबाज थाट! हाताच्या पंजाएवढे दात, मांडीएवढी जाडी. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "मागं जोडी आहे तुझी. हे लावायचे तर रिंगा बदल, मधलं अंतर वाढव." ऑर्व्हल "हो हो" म्हणाला. आमच्या भागात "हो हो" म्हणजे "तू तुझं बघ."

झालं. शेडमध्ये मला जॅकवर चढवलं. पुढचे टायर वळताना घासायला लागले, तर ह्यानं करवत घेऊन माझे मडगार्डच कापले. भूल नाही, काही नाही! मागं चारी चढवले, नट आवळले आणि मला खाली सोडलं. मी हातभर उंच झालो होतो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

डार्लिस आली, वाकली, मागच्या दोन टायरांच्या मध्ये हात घालायला गेली. "ऑर्व्हल, आधी ह्यात माझी मूठ जायची. आता नख जात नाही."

"चालवलं की बसतील आपापल्या जागी."

"माणसं तरी बसतात का?"

"तू पैज हरणार म्हणून खुसपट काढतेस."

ती हात पुसत घरात गेली. हे लक्षण मला आवडलं नाही.

मेमध्ये लेलंडकडं डागणी होती. वासरांना डाग द्यायचा, म्हणजे सावड. आज सगळे माझ्याकडं, उद्या सगळे तुझ्याकडं. मजुरी विचारणं म्हणजे शिवी, आणि न जाणं म्हणजे त्याहून मोठी शिवी. ऑर्व्हलनं आजवर एक डागणी चुकवली नव्हती. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला. सकाळी मागं ट्रॉली जोडली, तीत खोगीर घातलेले दोन घोडे चढवले आणि डार्लिस मांडीवर घेवड्याचं भलंमोठं पातेलं घेऊन बसली.

ओढ्यापाशी आलो. समोर नुसता डिंक. ऑर्व्हलनं दात आवळले, मीही आवळले. घुसलो. चिखल छपरापर्यंत उडाला, ट्रॉली सापासारखी वळवळली, घोड्यांनी आमचा उद्धार केला, आणि पलीकडच्या चढावर निघालो की हो! थेट! ऑर्व्हलनं माझ्या स्टेअरिंगवर थाप मारली. "बघितलंस? बघितलंस?"

"बघितलं," डार्लिस म्हणाली. "पातेल्याचं झाकण गेलं."

पुढं कोरडा खडीचा रस्ता. म्हाताऱ्यानं गाणं धरलं. पण मला मागं गरम लागायला लागलं. टायर एकमेकांना घासतायत, मध्ये चिखल विटेसारखा भाजून निघतोय. मी थरथरलो, घरघरलो. सांगायचं ते सगळं सांगितलं. कोण ऐकतो!

"काहीतरी जळतंय," डार्लिस म्हणाली.

"तुझा घेवडा असेल."

धड्डाम्! डावीकडचा आतला टायर फुटला. घोडे उधळले, ट्रॉली हलली. ऑर्व्हलनं कसंबसं मला कडेला घेतलं. लेलंडच्या घरामागचा धूर समोर दिसत होता, डागायच्या सळया तापवायला पेटवलेल्या शेगडीचा. आणि लेलंडचा ट्रॅक्टर अंगणातच उभा.

ऑर्व्हल उतरला, माझ्या पायरीवर बसला. वाकायला गुडघा तयार नव्हता. बराच वेळ त्यानं टोपी हातात फिरवली.

"लाव फोन लेलंडला," तो म्हणाला. "जिंकलीस तू."

डार्लिसनं पातेलं सीटवर ठेवलं. खाली उतरली, घोडे काढून कुंपणाला बांधले, आणि माझ्या सीटमागून जॅक ओढला.

"काय करतेस?"

"तुला हरवायचं तर मी माझ्या स्वयंपाकघरात हरवीन. त्या लेलंडच्या अंगणात, शेगडीभोवती उभ्या सगळ्या टाळक्यांसमोर नाही. ऊठ. पाना धर."

चांगली जीन्स घातली होती बाईनं, त्यात ती चिखलात गुडघ्यांवर बसली. नट हलेनात. तर ती पान्यावर उभी राहिली आणि उड्या मारायला लागली! ऑर्व्हलनं तिला कंबरेत धरलं होतं. घोडे बघत होते, मी बघत होतो. बाहेरचा टायर काढला, फाटका काढला, चांगला आत बसवला. मग उजवीकडचाही बाहेरचा काढला, म्हणजे घासायचा प्रश्नच मिटला. दोघांनी ढकलत ढकलत ते दोन्ही माझ्या पाठीवर घेतले. आता मी चारचाकी. मागचे मडगार्ड मोकळे, बापाची विजार घातलेल्या पोरासारखा.

लेलंडनं बघितलंच. "काय रे, सहाचे चार झाले?"

"दोन तुझ्यासाठी काढून आणलेत," डार्लिस म्हणाली. "तुझा ट्रॅक्टर हल्ली लंगडतो म्हणे."

शेगडीभोवती हशा पिकला. लेलंडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ऑर्व्हल दिवसभर घोड्यावर होता. त्यानं फास टाकला की वासरू आलंच.

परत येताना आम्ही ओढा टाळून लांबचा रस्ता घेतला. वाटेत ऑर्व्हल बोलला.

"हात दिला होता मी. फोन नाही लावला, ही वेगळी गोष्ट. पण मी एकटा असतो तर लावावाच लागला असता. म्हणजे हरलोच."

डार्लिस खिडकीबाहेर बघत होती. "एकटा कधी होतास रे तू?"

 मी आवाज खाली घेतला. मग फाटकापाशी ऑर्व्हलच म्हणाला, "हिवाळाभर गावात राहू. वसंतात इकडं." ती म्हणाली, "चालेल." ह्या वेळी हातात हात दिले नाहीत. दिलेले होतेच, सोडले नव्हते.

तर सध्या मी गावात आहे. पायात पुन्हा माझे जुने टायर. थोराडांतला एक कुत्र्याचं अंथरूण झालाय, बाकीच्यांत तिकडं कुरणावर घोडे चारा खातात. ऑर्व्हलच्या मेव्हणीशेजारच्या घरासमोर मी निम्मा रस्ता अडवून उभा आहे, आणि शेजारीपाजारी पडद्याआडून माझ्याकडं बघत बोटं मोडतात. मोडू देत. ऑर्व्हल रोज सकाळी येतो, मला चालू करतो, कॉफी पितो, बंद करतो, जातो. कुठं जायचं नसतं. मला आणि त्याला, दोघांनाही कळतं.

आज मात्र गंमत झाली. तो बसला, आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. डार्लिस. पायात चिखलाचे बूट.

"बर्फ वितळत असेल ना रे तिकडं?" ती म्हणाली. "ओढ्याला चिखल झाला असेल."

"झाला असेल."

"इथं मला खिडकीतून नुसत्या दुसऱ्या खिडक्या दिसतात. चल, बघून तरी येऊ."

ऐकलंत? तेव्हा मंडळी, माझ्या पायरीवरचा पाय काढा आणि बाजूला सरा. ऑर्व्हलनं रिव्हर्स गिअर टाकलाय, आणि मला मागं काढताना तो कधीच मागं बघत नाही.