माया सोडून

शिंपीकाकांचा हिशेब सरळ होता. परदेशी पाहुणी तीन आठवडे दुकानात 'सेवा' करणार, जाताना तिला पाठवणाऱ्या संस्थेच्या कागदावर चार बरे शब्द लिहिणार, आणि त्या शब्दांवर संस्थेच्या शाळेच्या गणवेशांचं वर्षभराचं काम काकांना मिळणार. बदल्यात माडीवरची खोली, दोन वेळचं जेवण आणि तोंडावर हसू.

"हसू तेवढं तुम्ही सांभाळा," काकू म्हणाल्या. "जेवणाचं मी बघते."

पाहुणी गुणी होती. ऐकलेला प्रत्येक मराठी शब्द अर्थासह वहीत उतरवायची, आणि इथे येण्यासाठी संस्थेला तिनेच पैसे भरले होते. पदरमोड करून फुकट राबणारं माणूस काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. असल्या माणसावर ओरडायचं तरी कसं?

दहाव्या दिवशी काका बटणं आणायला निघाले. शाळेने नमुन्यादाखल मागवलेल्या चाळीस चड्ड्यांचं कापड खडूने आखून तयार होतं.

"मी कापू?" पाहुणीने विचारलं.

"कापा की. पण माया सोडून कापा हं."

माया म्हणजे शिवणीत दाबायला रेषेबाहेर ठेवायचं बोटभर कापड. पाहुणीच्या वहीत मात्र माया म्हणजे जीव लावणं. ती सोडायची, म्हणजे मन घट्ट करायचं. तिने केलं. काका परतले तेव्हा सगळे तुकडे बरोबर खडूच्या रेषेवर कापलेले.

"अगं बाई!" काकू किंचाळल्या. "जरासुद्धा माया नाही ठेवली?"

"अजिबात नाही!" पाहुणी खूश. मग तिने काकांचा चेहरा पाहिला. "माझं काही चुकलं का?"

काकूंनी काकांच्या पायावर पाय दिला.

"छे हो! माझीच पट्टी चुकली."

चड्ड्या एकेक इयत्ता खाली सरकल्या. सातवीच्या सहावीला, सहावीच्या पाचवीला. सातवी उघडी पडली. सातवीच्या चड्ड्यांसाठी काकूंनी माडीवरच्या खोलीच्या नव्या पडद्यांचं कापड काढलं.

"रंग जुळतो का?" काकांनी विचारलं.

"अंधारात जुळतो."

पाहुणी डोळे पुसत गेली. कागदावर मनापासून लिहून गेली : 'माणूस सोन्यासारखा. चूक लगेच कबूल करतो. मोजमापाचं प्रशिक्षण द्यावं.'

काम मिळालं, एका अटीवर. पुढच्या वर्षी पाहुणी परत येणार आणि काकांना मोजमाप शिकवणार.

"कुठल्या खोलीत उतरणार?" काकांनी विचारलं.

"माडीवरच्याच. आणि पडदे का नाहीत, हेही विचारणार."

तर पाहुणीने पैसे भरले, काकांनी तीस वर्षांची पत, काकूंनी पडदे. संस्थेने फक्त पावती फाडली.