रंगात बुडालेली फेरीबोट

मित्रांनो, मी एक जुनी फेरीबोट आहे, पण नदीत मी कधी उतरले नाही. माझी लांबी कोपरापासून बोटांपर्यंत, आणि अंग प्लास्टिकचे. अगदी माझ्याच रूपाची, पण माझ्याहून शंभरपट लांब अशी खरी बोट तीस वर्षे नदीवरून माणसांची ने-आण करत होती. तिचे सुकाणू ज्यांच्या हाती होते, त्या कप्तानांच्या घरी मी राहते.

कप्तान निवृत्त झाले. ती बोट मोडीत निघाली, आणि पाठोपाठ त्यांची दृष्टीही गेली. मग ते बोटांनी पाहू लागले. शर्टाची बटणे, चहाचा कप, लेकीचा चेहरा, सगळे बोटांनीच. एकदा ते म्हणाले, "बाकी कशाचं काही नाही गं. पण माझी बोट आता मला नीटशी आठवत नाही."

हे वाक्य लेकीच्या मनाला लागले. म्हणून माझा जन्म झाला.

लेक दातांच्या कवळ्या बनवते. हात मोठा नाजूक. जुने फोटो समोर ठेवून चार महिने तिने मला जोडले. खऱ्या बोटीच्या पत्र्यांवर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे होते, म्हणून माझ्या अंगावरही तिने खसखशीच्या दाण्याएवढे सहाशे रिव्हेट सुईच्या टोकाने चिकटवले. बाबांच्या बोटांना ते लागले पाहिजेत ना!

मग आला रंग. कप्तानांचा पंचाहत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. हवा दमट होती आणि लेक घाईत. तिने स्प्रेचा डबा माझ्या नाकाशी धरला आणि एका दमात मला पांढरी करून टाकली. रंगाचे ओघळ आले. ते झाकायला तिने वर आणखी रंग मारला. तो दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला, वर कुठून तरी कापसाचे तंतू येऊन चिकटले. मी अंगावर जाडजूड घोंगडे पांघरल्यासारखी दिसू लागले.

वाढदिवसाला कप्तानांनी मला मांडीवर घेतले. बोटे फिरली, थबकली, पुन्हा फिरली.

"छान आहे हो," ते म्हणाले. "कुठली बोट म्हणायची ही?"

"कुठलीच नाही, बाबा. अशीच एक."

लेक हसत खोटे बोलली. मला मात्र तिथल्या तिथे बुडून जावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात होते. वरच्या मजल्यावर राहणारे रंगवालेकाका कचरा टाकायला आले. त्यांनी जन्मभर मोटारी रंगवल्या होत्या. माझे नाक पिंपाबाहेर डोकावताना पाहून त्यांनी मला उचलले आणि थेट लेकीचे दार वाजवले.

"हे कोणी टाकलं?"

"मीच. सगळी वाट लागली, काका. रिव्हेट गाडले गेले."

"रंग चुकलाय. बोट कुठे चुकलीये? चल, काढू या तो."

आधी त्यांनी माझ्या पोटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब लावून पाहिला. रंग मऊ पडला, प्लास्टिकला काही झाले नाही. मग खिडक्या उघडून, हातमोजे घालून त्यांनी मला स्पिरिटच्या डब्यात निजवले. दुपारी लेक दातांच्या ब्रशने मला घासू लागली. कवळ्या बनवणारीच्या घरी ब्रशांना काय तोटा! रंग सालीसारखा सुटत गेला. सतरा रिव्हेट निखळले. ते तिने न कुरकुरता पुन्हा लावले.

साबणाच्या पाण्याने अंघोळ झाली. दोन दिवस मी वाळले. तरी काका तिला डबा हातात घेऊ देईनात.

"आधी डब्यांच्या दहा झाकणांवर मारून दाखव."

"काका, मी काय लहान आहे?"

"डबा धरण्यात आहेस."

ती जरा फुगली, पण दहाच्या दहा झाकणे रंगवली. तिसऱ्या झाकणावर ओघळ, सातव्यावर नाही. मग एका कोरड्या, स्वच्छ दिवशी तिने डबा कोमट पाण्यात ठेवला, खूप वेळ खुळखुळवला आणि माझ्यापासून वीतभर लांब धरला. फवारा माझ्या बाहेर सुरू व्हायचा, अंगावरून सरकत जायचा आणि बाहेरच थांबायचा.

"काही लागलंच नाही की!" ती म्हणाली.

"तसंच पाहिजे. आता थांब."

असे रंगाचे चार हात, आणि दर दोन हातांमध्ये थांबणे. लेकीला या थांबण्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला!

रविवारी तिने मला कप्तानांच्या मांडीवर ठेवले. त्यांची बोटे माझ्या नाकापासून निघाली. रिव्हेटवर अडली. एक, दोन, तीन... ओळीने पुढे गेली. डाव्या कठड्यापाशी एकदम थांबली.

"अगं, हा इथे वाकलाय!"

"फोटोत तसाच आहे, बाबा."

"असणारच! पहिल्याच दिवशी मी ती धक्क्यावर आपटली होती. माझीच बोट ही!" आणि ताठ बसून त्यांनी अशी आरोळी ठोकली, "दोर सोडाऽऽ!" की वरून रंगवालेकाका चप्पल न घालताच धावत आले. कप्तानांनी त्यांनाही बसवून घेतले. त्या दुपारी कप्तानांनी दोघांना सात वेळा नदीपार नेले, आणि प्रत्येक खेपेला एक नवीन प्रवासी आठवला.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. रोज बोटे फिरून माझा रंग कडांना थोडा झिजला आहे, पण त्याची मला खंत नाही. मित्रांनो, हातून बिघडलेली वस्तू टाकण्याआधी एक दिवस जाऊ द्या, आणि जाणत्या माणसाला दाखवायला लाजू नका. आमच्या घरी आलात तर मला कठड्याला धरून नको, पोटाखाली हात घालून उचला. मग डोळे मिटा आणि बोटे फिरवा. मी त्यासाठीच आहे.