कोटाच्या दुमडीतली अनामत

गल्लीत त्यांना 'असूदेताई' म्हणत. का, ते पाच मिनिटं त्यांच्या शिलाईच्या दुकानात उभं राहिलं की कळायचं. पँटची उंची कमी केली, किती झाले? "असू द्या हो, एवढ्याशा कामाचं काय!" जॅकेटची चेन बदलली, किती झाले? "असू द्या, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी तोच माणूस दुसरं फुकटचं काम घेऊन हजर. हात असा सफाईदार, की कापड कुठे फाटलं होतं ते फाडणाऱ्यालाही सापडू नये. आणि जीभ अशी, की पैशाचं नाव काढायची वेळ आली की टाळ्याला चिकटलीच.

याचं मूळ जुनं होतं. ताई नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी, तेही शिंपीच, त्यांना एका बड्या घरी शिलाईचे पैसे आणायला पाठवलं होतं. घरात पाहुणे बसलेले. यजमान सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढ्याशा पैशांसाठी पोरीला दारात उभी केली?" पाहुणे खो खो हसले. पोरगी रिकाम्या हातानं परत आली, वडिलांनी मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून पैसे मागायचे म्हटलं की ताईंचे कान तापायचे. आता वय एक्कावन्न, तरी कान तापायचे ते तापायचेच.

बँकेत कॅशियर असलेल्या भाचीनं त्यांना ताळ्यावर आणायचा विडा उचलला होता. "मावशी, भीड भिकेची बहीण असते," ती म्हणायची. तिनं मावशीचं खातं उघडून दिलं, महिन्याचा खर्च लिहायला वही दिली, आणि कामांच्या दरांचा ठसठशीत फलक करून आणला. ताईंनी तो लगेच लावला, भिंतीकडे तोंड करून. मग भाचीनं सराव सुरू केला. दुकानातल्या कापडी पुतळ्यासमोर उभं राहून ताईंनी रोज दहा वेळा म्हणायचं, "याचे तीनशे होतील." पुतळ्याला मुंडकं नव्हतं, म्हणून जमायचं.

आणि खात्यात पैसे? शून्य. कारण दर महिन्याला ताईंचा धाकटा भाऊ यायचा, लाडात विचारायचा, "अक्का, खात्यात काही आहे का गं?" खोटं बोलणं ताईंना जमायचं नाही आणि नाही म्हणणं त्याहून नाही. म्हणून त्यांनी एक नामी युक्ती काढली होती. ग्राहकांनी कधीच परत न नेलेले कपडे मागच्या दांडीवर लटकत असत. त्यातल्या एका तपकिरी लोकरी कोटाच्या खालच्या दुमडीत, अस्तराच्या आत, ताई लोकांनी आपणहून हातावर ठेवलेल्या नोटा शिवून ठेवायच्या. सहा-सहा नोटांची एक पुडी, अशा चौदा पुड्या. बेचाळीस हजार. भावाला सांगायला मोकळ्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार रे!"

हे पैसे चैनीचे नव्हते. दुकानाच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, शनिवारी दुपारपर्यंत नव्या कराराची बेचाळीस हजार अनामत द्या, नाहीतर मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण रांगेत उभाच आहे. वडिलांचं मशीन ज्या खिडकीपाशी तीस वर्षं चाललं, तिथे प्लॅस्टिकची कव्हरं लटकणार, या विचारानंच ताईंना अन्न गोड लागेना. शुक्रवारी दुमड उसवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि गुरुवारी कोटाचा मालक आला.

वकीलसाहेब. आवाज असा की कात्र्या थरथराव्यात. हातात अडीच वर्षांपूर्वीची पावती. "माझा कोट!" दुकानात आणखी तीन ग्राहक उभे. ताईंनी कोट काढला. 'साहेब, उद्या या, इस्त्री राहिलीय,' एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबांनी कोट ओढून घेतला, अंगात चढवला, आरशात पाहिलं आणि गरजले, "वा! किती झाले?"

ताईंनी तोंड उघडलं. "असू द्या हो," तोंड म्हणालं.

आणि बेचाळीस हजारांची अनामत अंगावर घालून वकीलसाहेब चालते झाले. ताई सगळं उघड्या डोळ्यांनी बघत होत्या हो! काय म्हणावं या जिभेला?

संध्याकाळी भाचीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तू चल ना माझ्याबरोबर," ताई काकुळतीला आल्या. "तूच बोल. तुला जमतं."

"मी बोलले तर पैसे येतील, मावशी. पण तू आहेस तिथेच राहशील," भाची म्हणाली. मग तिनं पुतळ्याकडे बोट केलं. "दहा नाही, आज शंभर वेळा."

शुक्रवारी सकाळी ताई वकिलांच्या कार्यालयाचा जिना चढल्या. आत बाकावर चार अशील बसलेले. म्हणजे पुन्हा पाहुणे! ताईंचे कान तापले. पाय मागे फिरलेसुद्धा, पण समोर वकीलसाहेब तोच कोट घालून उभे होते.

"या, या! अहो काय जादू केलीत? हा कोट पूर्वी पतंगासारखा उडायचा. आता बघा कसा पडतो!"

"पडणारच," ताई म्हणाल्या. "त्यात माझे बेचाळीस हजार आहेत."

बाकावरचा एक जण फिस्सकन हसला.

ताईंना वाटलं, आता जमीन दुभंगावी. बेचाळीस वर्षं ज्याला भ्यायलो तेच हे हसू. पण जमीन काही दुभंगली नाही. हसणाऱ्यालाच ठसका लागला आणि तो पाणी शोधू लागला. हसला तर हसला मेला, ताईंच्या मनात आलं. एवढंच असतं होय हे?

वकीलसाहेब मात्र वकीलच. "कोट माझा. कोटाच्या आत जे आहे ते तुमचं कशावरून?"

"चौदा पुड्या. एकेकीत पाचशेच्या सहा. दुमडीला हिरवा दोरा, दर चौथा टाका दुहेरी. तो टाका माझे वडील घालायचे, या गावात दुसरं कुणी घालत नाही. काढा कोट."

'काढा कोट' हे इतक्या करड्या आवाजात निघालं की साहेबांनी मुकाट्यानं काढला. ताईंनी पिशवीतून टाके कापायची उसवणी काढली, आणि टेबलावर पुड्या पडू लागल्या. चार अशील, एक कारकून आणि स्वतः साहेब मोठ्यानं मोजत होते. चौदा भरल्या. ताईंनी दुमड होती तशी पुन्हा शिवली आणि दोरा दातानं तोडला.

"बाई, तुम्ही साक्षीदार म्हणून यायला हव्या होतात माझ्याकडे," साहेब ओशाळून म्हणाले. "बरं, शिलाई राहिलीय ना माझी? किती?"

"असू..." जीभ वळलीच सवयीनं. ताईंनी ती चक्क दाताखाली धरली. समोरच्या माणसाला मुंडकं होतं, भलं मोठं होतं, तरी त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "नऊशे होतील. अस्तर नवं घातलंय."

साहेबांनी हजार रुपये पुढे केले. ताई सुटे शोधू लागल्या. "असू द्या हो," साहेब म्हणाले.

आयुष्यभर आपण वाटत आलेला शब्द कुणीतरी पहिल्यांदाच आपल्याला परत दिला होता. ताईंनी वरचे शंभर ठेवून घेतले.

साहेबांनी कोट पुन्हा चढवला आणि त्यांचा चेहरा पडला. कोट पतंगासारखा उडत होता. "अहो, हे काय? मघासारखा पडत नाही! काहीतरी वजन घाला की आत."

"घालते ना. बारीक साखळी शिवून देते. त्याचे वेगळे तीनशे," ताई म्हणाल्या. "आगाऊ."

जिन्यावर आल्यावर मात्र पिशवी मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. त्यांना ते बडं घर आठवलं, आणि मुलगी रिकाम्या हातानं आल्यावर खाली मान घालून मशीन चालवत राहिलेले वडील आठवले.

"बाबा, घेऊन आले हो," त्या म्हणाल्या.

मग डोळे पुसून त्या आधी मालकीणबाईंकडे गेल्या, अनामत मोजून दिली आणि पावती मागून घेतली. दुकानात येऊन त्यांनी पहिल्यांदा भिंतीकडे तोंड केलेला दरांचा फलक फिरवून सरळ केला. तेवढ्यात दारात धाकटा भाऊ. "अक्का, काही आहे का गं?"

"आहे," ताई म्हणाल्या. "पण देणार नाही. बस, चहा टाकते."