नुरपेरीच्या दाढा

बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, शाळेत मुलांच्या दातांची काळजी घेणाऱ्या परिचारिका. त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मुलांच्या दातांना कीड लागू नये म्हणून लेप लावलेला असायचा. अत-बाशीपलीकडच्या त्या गावात वर्षानुवर्षं एवढंच मोजलं जाई, आणि त्यात एजेंचं नाव नेहमी वर. यंदा मात्र मोजण्याची रीत बदलली. लेप लावलेल्या मुलांतून चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांच्या तोंडात नवी कीड आहे का, ते पाहायचं. लेप किती जणांना लावला, यापेक्षा दात किती जणांचे वाचले, हे महत्त्वाचं.

तपासायला नारिनहून कुबात आला होता. एजेंच्याच हाताखाली शिकलेला, त्यांच्यासमोर अजून मान खाली घालून बोलणारा. वर्गात आया भिंतीशी उभ्या होत्या. त्यांत साल्तानात होती. मुलाला रात्री गोड देतेस, आई आहेस की वैरीण, असं एजे तिला मागे सगळ्यांदेखत बोलल्या होत्या.

तिसरी चिठ्ठी नुरपेरीची निघाली.

ही एजेंची थोरली नात. पहिलं नातवंड आजीनं आपलं म्हणून वाढवायचं, या रिवाजाप्रमाणे ती अंगावरचं दूध सुटल्यापासून एजेंच्याच कुशीत. आईबाप मॉस्कोला कामाला. कुठे जेवणावळ असली की एजे केशिक म्हणून रुमालात बांधून दिलेला गोड वाटा घरी आणत, तो सगळा नुरपेरीचा.

पोर खुर्चीकडे निघाली, तेव्हा एजे तिच्या कानाशी वाकल्या आणि तोंड घट्ट मिटून बस म्हणाल्या. जिभेवर सकाळपासून अल्लाचं नाव होतं, त्याच जिभेनं.

नुरपेरीनं ओठ आवळले. कुबातनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा एजेंकडे. मग पोरगी घाबरलीय, राहू दे, असं म्हणून त्यानं वेगळी चिठ्ठी काढली. मोठ्यांचा मान राखायचा, हे त्याला एजेंनीच शिकवलं होतं.

ती चिठ्ठी साल्तानातच्या मुलाची. त्याची मागची दाढ किडलेली होती. कुबातनं ती मोठ्यानं सांगितली, सोबतच्या मदतनीस बाईनं लिहून घेतली. साल्तानात एवढंच म्हणाली, "एजे, माझाही पोरगा घाबरट आहे हो. मला कुणी सांगितलंच नाही, घाबरलं की सुटका होते म्हणून."

एकदोघी हसल्या. एजेंचे कान तापले. ज्या दाढेपायी त्या बाईला पुन्हा चारचौघींत मान खाली घालावी लागली, त्या जागी नुरपेरीची दाढ असायला हवी होती.

"कुबात," त्या म्हणाल्या, "नुरपेरीला परत बसव. आणि त्या पोराचं नाव खोड. त्याची पाळी नव्हती."

"एजे, कशाला आता..."

"बसव म्हणते ना."

नुरपेरी गोंधळली. आजीला ती एने म्हणायची. "एने, तूच म्हणालीस ना, तोंड उघडू नकोस?"

एजेंनी स्वतः बॅटरी हातात घेतली. "मी म्हणाले होते. आता उघड."

किडलेल्या दाढा त्यांनीच सांगितल्या, एकेक करून. दुसरी सांगितल्यावर मदतनीस लिहायची थांबली. एजेंनी ती पुन्हा सांगितली. साल्तानातनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खाली जमिनीकडे बघत होती, स्वतःचीच चूक असल्यासारखी.

कीड सापडली की पालकाला एक प्रश्न विचारायचा असे. कुबात तो गाळून पुढची चिठ्ठी उचलायला लागला.

"विचार," एजे म्हणाल्या.

त्यानं हात मागे घेतला. मग बुटांकडे बघत त्यानं विचारलं, "झोपताना हिच्या तोंडात काय असतं?"

"खडीसाखर. मीच ठेवते."

"मी रडते म्हणून देते," नुरपेरी घाईनं म्हणाली. "आईचा फोन ठेवला की मी रडते. एनेला काही बोलू नका."

एजेंनी बॅटरी विझवली आणि पोरीला खुर्चीवरून उतरवलं. आयांच्या रांगेत साल्तानातच्या पलीकडे जागा होती. तिथे जाऊन त्या नातीचा हात धरून उभ्या राहिल्या. पुढच्या मुलाचं नाव पुकारेपर्यंत त्यांनी डोळे वर केले नाहीत.