उंबरावरचा उखाणा

तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. चौथ्या दिवशी पहाटे पवना नदी उठली आणि आवतण नसताना पिंपरीच्या काठावरच्या वस्तीत शिरली. चुलीत बसली, देवळीत बसली, जाताना दोन म्हातारी माणसं आणि एक तान्हं घेऊन गेली. उजाडलं तेव्हा उरलेली वस्ती शाळेच्या गच्चीवर कुडकुडत होती.

चतुराबाईचा नवरा कोंडीराम मात्र समोर उंबरावर. रात्रपाळी करून येताना पाण्यानं गाठलं, झाडावर चढला आणि तिथंच पेंगायला लागला. वस्तीतला ज्योतीराम ट्रकची ट्यूब घेऊन त्याच्याकडं पोहत निघाला होता, पण धार आडवी. तोवर कोंडीरामाची पकड सुटायला नको होती.

"कोंडीराम! ए कोंडीराम!" अख्खी गच्ची ओरडली.

"ओव्हरटाइम न्हाई करायचा मला, साहेब!" कोंडीराम डोळे मिटूनच खेकसला. एक हात फांदीवरून घसरला.

"अहो!" चतुराबाईनं हाक मारली.

"काय गं?" मागून चार नवरे म्हणाले.

"नावानं हाक मार की, बये," शेजारची गिरजाबाई म्हणाली. तिचा चिमाजी पहाटे म्हैस सोडायला गेला होता. म्हैस पोहत आली, शाळेच्या पायरीशी उभी होती. एकटीच.

"नाव कसं घिऊ? लगीन हाय का कुणाचं?"

चतुराबाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती फक्त लग्नाकार्यात, उखाण्यात. त्यातही त्याची अशी टर उडवायची, की कोंडीराम पंगतीतनं भांडायला उठायचा.

"मग उखाणा घे! पर बिगी बिगी. पाणी काय यमकासाठी थांबतंय व्हय?"

चतुराबाईनं पदर खोचला.

"वाढलं पाणी, गेली चूल, गेली परात,
कोंडीराम घोरतात उंबराच्या घरात!"

कोंडीरामाचे डोळे टक्क उघडले. "कोण घोरतंय गं? आं? कोण?" भांडायला बळ हवं म्हणून त्यानं दोन्ही हातांनी फांदी आवळली. ज्योतीरामानं त्याच्या गळ्यात ट्यूब घातली, तरी कोंडीरामाचं तोंड चालूच.

गच्चीवर आल्या आल्या म्हणाला, "चार माणसांत अब्रू घालवलीस."

"अब्रू गेली, तुमी तर राहिलात," चतुराबाई म्हणाली. मग खोचलेला पदर सोडून त्याचं डोकं पुसायला लागली.

गिरजाबाई हळूच जवळ आली. "चतुरे, मला न्हाई जुळवता येत. माझ्यासाठी बी एक सांग."

चतुराबाईनं तिच्या कानात सांगितलं. गिरजाबाई कठड्याशी गेली.

"म्हैस आली पोहून, गळ्यात तुटका दोर,
चिमाजीराव, या हो घरी, नका लावू घोर."

पाणी वाहत राहिलं. पायरीशी म्हैस तेवढी हंबरली.

"पुन्हा घे," कोंडीराम म्हणाला. "मोठ्यानं घे. आमी बी घेतो."