सभेतला एकच हात

धाकट्या जावेचं कौतुक ऐकून थोरलीचे कान किटले होते. दोन्ही वेळा दहा माणसांचं रांधायचं थोरलीनं. धाकटी शाळेत शिकवायची, चारचौघांत गोड बोलायची आणि घरी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची. तरी सासूबाईंच्या तोंडी नाव धाकटीचंच.

त्या रविवारी वस्तीची सभा भरली. लढाईनं होरपळलेल्या एका परक्या देशाला धान्य पाठवावं का, एवढाच प्रश्न होता. कुणी म्हणालं, आधी घरचं बघा. कुणी म्हणालं, आपल्या चार पोत्यांनी त्यांचं काय भागणार? मग धाकटी उठली. आपल्या ताटातला एक घास त्यांचा, असं काहीसं ती इतक्या मऊ आवाजात बोलली की मघाचे कुरकुरणारेही माना डोलवू लागले. सासूबाईंनी डोळे पुसले.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ताट कोण वाढतं, ते विचारा की हिला.

"विरोधात कोणी?" सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी विचारलं.

थोरलीचा हात वर गेला. सबंध सभेत तो एकच.

"का हो वहिनी?"

खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. तिनं तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "घरं पडलीत त्यांची. चूल कुठली, सरपण कुठलं? दाणे काय कच्चे चावायचे?"



"खरंय," गिरणीवाला म्हणाला. "भाजून दळून देऊ. पाण्यात कालवलं की पोटात."

बघता बघता ठराव बदलला आणि भाजायचं काम थोरलीकडे आलं. विचार करावा तर असा, लोक म्हणाले. तिला मान वर करवेना. तो विचार कुठून आला, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पटांगणात कढया चढल्या. धाकटी बाह्या सारून आली. "जाऊबाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला शिकवाल?"

बोलण्यात कुठे खोच असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. नव्हती. तिनं सगळ्यांत मोठी, धगधगती कढई धाकटीपुढे केली.

"हात थांबवू नकोस, करपेल," एवढं सांगून ती दुसऱ्या चुलीकडे वळली, आणि धाकटीनं हाक मारेपर्यंत तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.