चाळिसावा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यावर टकटक करून उपयोग नाही. मी कुणाच्या घराचा नव्हे. एका अवाढव्य युद्धनौकेच्या पोटातला, आठ खिट्ट्यांचा, पोलादी दरवाजा आहे मी. आठही खिट्ट्या आवळल्या की पाण्याचा थेंब किंवा धुराची रेघ माझ्यापलीकडे जाता कामा नये, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

आमची नौका पाण्यात उतरली तेव्हा बँड वाजला, भाषणे झाली. पाहुण्यांनी तोफांपुढे उभे राहून फोटो काढले. माझा फोटो कुणी काढला नाही. मला त्याचे काहीच वाटले नाही असे म्हणालो, तर ते खोटे ठरेल. नौका दोनशे पावले लांब होती आणि माझ्यासारखे चाळीस दरवाजे तिच्या पोटात होते. बाहेरून ती एक दिसे, पण आतून ती कितीतरी बंद खोल्यांची होती. एखादी खोली पाण्याने भरली तरी बाकीच्या खोल्या नौकेला तरंगती ठेवत. अर्थात दरवाजे धड असतील तर!

आम्हाला धड ठेवायचे काम पानाकाकांचे. त्यांच्या कमरेला कायम पाना लटकलेला असे, म्हणून हे नाव. दर महिन्याला ते माझ्या चौकटीच्या कडेवर खडू घासत, मला घट्ट लावत आणि पुन्हा उघडत. माझ्या कडेच्या रबरावर खडूची सलग पांढरी रेघ उमटली की मी पास. रेघ तुटली तर तिथून पाणी आत येणार, हे नक्की.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. वरिष्ठांची तपासणी आली की नौकेवर दिसेल त्याला रंग फासायचा. रंगाऱ्यांचा हात एकदा सुटला की रबरसुद्धा वाचत नसे. काळी कड म्हणे डोळ्यांना खुपते! रंग लागलेले रबर कडक होते आणि कडक रबर चौकटीला घट्ट बसत नाही. हे काकांनी किती वेळा घसा कोरडा करून सांगितले असेल, त्याला गणती नाही.

एका वर्षी मात्र त्यांनी तपासणीच्या तोंडावरच सुरी उचलली आणि रबरे खरवडायला घेतली. एकोणचाळीस दरवाजे झाले. चाळिसावा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो पाहुण्यांच्या जेवणाच्या खोलीला होता. तिथे दुय्यम कप्तानांनी काकांना थांबवले. हे साहेब काही वाईट नव्हते. कुठल्या खलाशाची आई आजारी आहे, हेदेखील त्यांच्या लक्षात असे. पण टापटिपीपुढे त्यांना दुसरे काही सुचत नसे. काकांनी खडू लावून दाखवला. रेघ तीन जागी तुटली होती.

“एवढा एक राहू दे, काका,” साहेब म्हणाले. “पाहुणे इथंच जेवणार आहेत. नंतर करू.”

ते नंतर राहूनच गेले. काकांनी दोनदा आठवण करून दिली, आणि मग कामाच्या रगाड्यात तेही विसरले.

पुढे युद्ध पेटले. एका सकाळी पाण्याला पोट घासत दोन क्षेपणास्त्रे आली. आमच्या तोफांनी एक पाडले. दुसरे नौकेच्या मधोमध घुसले आणि क्षणात बावीस माणसे गेली. मग आग लागली आणि धूर बोळाबोळातून धावत सुटला. काकांनी चौसष्ट जणांना माझ्या मागे घेतले आणि आठही खिट्ट्या आवळल्या. माझ्या बाहेरच्या अंगावरचा रंग फोडांसारखा फुगला, पण मी धूर आत सोडला नाही. मदत येईपर्यंत तीन तास गेले. चौसष्टच्या चौसष्ट जण चालत बाहेर पडले.

माझ्या धाकट्या भावाच्या मागे नऊ जण होते. त्यांनीही आठ खिट्ट्या आवळल्या होत्या. त्या खोलीत आग पोचलीच नव्हती, तरी एकही वाचला नाही.

नौका ओढून बंदरात आणली. वर्तमानपत्रांतले जाणकार लिहू लागले की मोठ्या युद्धनौकांचे दिवस भरले, एवढे धूड म्हणजे क्षेपणास्त्राला आयते निशाण. खरे आहे ते! मोकळ्या समुद्रात एवढे मोठे अंग लपवणार कुठे? पण त्या क्षेपणास्त्राच्या डोक्यावर सगळेच खापर फुटायला लागले, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चौकशीच्या दालनात आम्हा दोघा भावांना चौकटीसकट कापून आणले होते. अहवाल तयार होता. क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात एकतीस जणांचा मृत्यू, नौका मोठी, इलाज नव्हता. दरवाज्यांची जबाबदारी काकांची, म्हणून त्यांची सही हवी होती. कारकून कानाशी लागून म्हणाला की तीन महिन्यांवर निवृत्ती आली आहे, कशाला नसते झेंगट गळ्यात घेता. काकांना सगळे कळत होते. साहेबांचा हुकूम तोंडी होता. काका बोलले तर नऊ जणांचे मरण त्यांच्याच माथी बसणार होते.

“बावीस जण क्षेपणास्त्रानं मेले,” काका म्हणाले. “नऊ जण या दरवाज्यामुळं मेले. त्यांच्या घरी खोटं कळवू नका. मी सही करणार नाही.”

दरवाज्यांचे काम कुणाकडे होते, असे चौकशीच्या अध्यक्षांनी विचारले.

“माझ्याकडंच.”

काकांनी साहेबांचे नाव घेतले नाही. त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग मागच्या खुर्चीतून दुय्यम कप्तान उठले.

“‘राहू दे’ असं मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “ते लिहा.”

लिहिले गेले. साहेबांना पुन्हा नौका मिळाली नाही. नऊ घरांना नवी पत्रे गेली. त्यांतल्या एका खलाशाची आई पत्र घेऊन आम्हाला बघायला आली. तिने माझ्या भावाच्या रबरात नख रुतवून पाहिले. ते रुतले नाही. मग माझ्याकडे येऊन तिने तेच केले. माझ्या रबरात नख सहज रुतले. ती तशीच नख रोवून उभी राहिली आणि मला पहिल्यांदा माझ्या धड असण्याची लाज वाटली.

आता मी खलाशांच्या शिक्षणशाळेत आहे. दर सोमवारी माझ्या पलीकडच्या खोलीत गळ्याइतके पाणी सोडतात. खुशाल सोडा! मित्रांनो, उद्या आणखी वेगवान क्षेपणास्त्रे येतील, ती नौकेला लागतीलही. लागू देत. माझ्या मागे माणसे आहेत तोवर मी तसूभर हलणार नाही. फक्त माझ्या रबराला रंग लावू नका.